इमारत कधी येणार

४ जानेवारी

मामा,

काल फोन केला होता, मामीने उचलला. तू शेजारी बसून "कोण आहे, कोण आहे" करत होतास, तेही ऐकू आलं. आयुष्यभर बांधकामांभोवती परांच्या बांधल्यास, हातोड्यांच्या आवाजात कान गेले. म्हणून लिहितेय. शिवाय पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, हा एक फायदा आहेच.

कामाचं सांगते. मला जागा मिळाली. शहराची शिल्पांची निवड समिती आहे ना, तिने उदयोन्मुख विभागात मला एक मोकळा प्लॉट दिलाय, दोन इमारतींच्या मधला. तिथली चार मजली इमारत पाडली, पण शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर तिच्या खोल्यांचे रंग तसेच राहिलेत. दुसऱ्या मजल्यावर निळं स्वयंपाकघर, तिसऱ्यावर हिरवी खोली, मधून गेलेली जिन्याची तिरकी खूण. पहिल्या दिवशी मी नुसती बघत उभी राहिले, कोणीतरी येऊन विचारलं की तुमचं घर होतं का इथे.

मला तिथे त्या पाडलेल्या इमारतीच्या मापाची परांची उभी करायची आहे. पाईप, क्लॅम्प, आणि जिथे खिडक्या होत्या तिथे खिडकीएवढे जस्ती पत्रे टांगलेले. आत काही नाही. इमारत पुरी झाली की परांची सोडून नेतात, नंतर तिची आठवण कोणी काढत नाही. इथे उलटं. इमारत गेली, परांची राहिली. नाव ठेवलंय 'इमारत वजा'.

तुझ्या गोदामात जस्ती पाईप धूळ खात पडलेत. ते दे.

आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. उदयोन्मुख विभागात तीनदाच येता येतं. मी दोनदा येऊन गेले. तीनदा उगवूनही दिसला नाहीत तर तुम्हाला मावळलेलं धरतात. निवड झाली तर ओतकामाच्या बंद कारखान्याची शेड दोन वर्षं काम करायला मिळेल. नाही झाली तर पुन्हा फरशीच्या कंपनीत, न्हाणीघराच्या फरशीवर शंख-शिंपले काढत बसायचं. साहेबांनी माझी खुर्ची मार्चपर्यंत राखून ठेवलीय, आणि मध्येमध्ये तिच्यावर कोण बसून गेलं ते कळवत असतात.

समितीच्या अटी दोनच. शिल्प स्वतःच्या पायावर उभं असावं आणि त्याचा काही उपयोग नसावा. दुसरी अट नवी आहे. मागच्या वर्षी एकाने दगडाचं बाक केलं आणि लोक त्यावर बसले. मग ते बाक की शिल्प यावरून समितीत दोन तट पडले, ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

तुझी
चकती


११ जानेवारी

चकते,

लहानपणी माझ्या गोदामात खेळताना तू लोखंडी चकती गिळलीस, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, घाबरू नका, बाहेर येईल. चकती आली बाहेर. पण लोखंड तुझ्या अंगात राहिलं ते राहिलंच.

पाईप ट्रकने पाठवतोय. एकेक बघून काढलाय, वाकडा एक नाही. क्लॅम्पना तेल दिलंय. जस्ती माल आहे, उन्हापावसात कुठेही ठेव, गंज धरणार नाही. धरला तर मला सांग, मी मिशा उतरवीन.

आता जरा नीट ऐक. तुझं ते जे काय वजा आहे, त्यात मला एकच विचारायचंय. इमारत कधी येणार? परांची झाल्यावर लगेच, की मध्ये वेळ आहे? मामी म्हणते इमारत यायचीच नाही, तीच तर गंमत. मी दोन दिवस विचार केला, मला गंमत सापडली नाही. पोर नाही आणि पाळणा हलवत बसायचं, असलं काहीतरी मला वाटतं. असो. तू शिकलेली आहेस.

पण एक लक्षात ठेव, परांची एकटी उभी राहत नसते. चाळीस वर्षांत माझी एकही राहिली नाही. एक मजला सोडून एक, भिंतीला आवळायचीच. इमारत आहे म्हणून परांची आहे. माझ्या हातची गाठ आजवर सुटली नाही आणि मी बांधलेलं काही पडलं नाही. चार लोकांत सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे, म्हणून सांगतो.

ट्रकबरोबर मीही येतो. लांबून बघेन आणि परत जाईन. हात लावणार नाही.

मामा

खाली मी लिहितेय, मामी: हात लावेल.


२ फेब्रुवारी

मामा,

हात लावलास.

दोन आठवडे मुकाट्याने पाईप मोजून देत होतास. 'छान आहे' म्हणालास. मला वाटलं मामा बदलला. आणि मी पत्रे आणायला गावाबाहेर गेले तेवढ्यात तू भिंतीला चार क्लॅम्प मारलेस, दोन निळ्या स्वयंपाकघरात, दोन हिरव्या खोलीत, आणि 'आता पडत नाही' अशी चिठ्ठी ठेवून गाडी पकडलीस. अरे, ती पडणार नव्हतीच. पायाला जी पिंपं आहेत ना, त्यांत मी काँक्रीट ओतलंय. सगळा तोल त्यांच्यावर आहे. सहा महिने मी फक्त त्या पायांचा विचार करत होते. तुला ती कचऱ्याची वाटली. एकावर केळ्याची सालं सापडली मला.

तरी मी चिडले नव्हते. म्हटलं मामाची माया आहे, सोडून टाकू. पाना घेऊन वर चढले, पहिल्या क्लॅम्पला लावला, तेवढ्यात शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात. म्हणाल्या, "बाई, पाना खाली ठेवा." शाळेतला आवाज होता, मी ठेवला.

त्यांच्या कपाटाचं दार म्हणे गेली कित्येक वर्षं आपोआप उघडायचं. त्या दिवशी सकाळपासून उघडलं नाही. त्यांनी वरच्यांना विचारलं. वरच्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून बघितलं, लागलं. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत आपापली दारं लावून बघत होती. पहिल्या मजल्यावर रहिवाशांचे अध्यक्ष राहतात, दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी मला खाली बोलावून शांतपणे समजावलं. दात हाडात रुतलेले असतात, तरी तार लावली की सरळ होतात. इमारत तर नुसती मातीत उभी आहे. आता तार लागलेली आहे, तर ती निदान दीड वर्ष काढायची नाही. नंतर फक्त झोपताना लावली तरी चालेल.

मामा, माझं शिल्प इमारतीचे दात सरळ करतंय. समिती पाच मार्चला येणार. मी काय करू ते सांग, आणि सांगताना उपदेश करू नकोस.

चकती


७ फेब्रुवारी

चकते,

सालं माझी नव्हती, ट्रकवाल्याची होती. बाकी सगळं मी केलं आणि मला काही पश्चात्ताप नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांसमोर तुझी ती परांची यायची, चारी बाजूंनी मोकळी. आता बांधलेली दिसते. झोप येते.

पण खोटं बोलणार नाही. चार क्लॅम्पनी इमारत सरळ होत असती तर मी आज राजवाड्यात राहिलो असतो. बांधण्याआधी मी सवयीने ओळंबा सोडून बघितला होता. इमारत काठीसारखी सरळ आहे, तिला काही धाड भरलेली नाही. दारं आधीही लागत असणार, कोणी लावून बघितली नसतील. आपल्याकडे न्हाणीघराचं दार पाहुणे आले की बरोबर लागतं, एरवी लागत नाही, तसंच. हे त्यांना सांग आणि मग सोड.

म्हणजे तू म्हणतेस म्हणून सोड. मला विचारशील तर राहू दे.

इमारत कधी येणार ते तू अजून सांगितलं नाहीस.

मामा

मामी: झोप येते हे खरं आहे. घोरणं वाढलंय.


१६ फेब्रुवारी

मामा,

सांगितलं. सगळ्यांना जिन्यात गोळा केलं आणि सांगितलं की इमारत सरळ आहे, माझ्या मामाने ओळंबा सोडून बघितलाय. सगळे एकमेकांकडे बघून हसले. शिक्षिका म्हणाल्या, "सरळच असणार. तुमच्या शिल्पाने धरलीय ना."

मी म्हटलं, बांधण्याआधी बघितलं होतं. त्या म्हणाल्या, बांधायला माणूस आला हे इमारतीला कळलं असेल. त्यांचं डोकं शाबूत आहे मामा, रोज शब्दकोडं सोडवतात.

मग अध्यक्षांनी शहराच्या अभियंत्याला बोलावलं. तो डोक्यावर टोपी घालून आला, चारही क्लॅम्पवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला की ही टेकू दिलेली इमारत आहे. टेकू काढला तर लोकांना बाहेर काढावं लागेल. मी विचारलं, मग टेकूच्या आधी ती कसली इमारत होती? म्हणाला, "आधी आम्ही तिच्याकडे बघितलेलं नव्हतं." त्याचं म्हणणं एवढंच, की ज्या माणसाने बांधलं त्याने स्वतः येऊन आपल्यासमोर सांगावं, या क्लॅम्पवर कसलाही भार नाही, यांचा काही उपयोग नाही. मग तो सोडू देईल.

समितीच्या चिटणीसबाईंकडे गेले. चांगल्या आहेत, चष्मा काढून बोलतात. म्हणाल्या, "काम आम्हाला फार आवडलं होतं हो. पण तुमचं शिल्प आता नोकरीला लागलंय." स्वतःच्या पायावर उभं नाही ही पहिली अट मोडली, उपयोगी पडतं ही दुसरी. पाच तारखेला ते सुटलेलं दिसलं आणि काही झालं नाही, तरच बघू.

आणि अजून आहे. शिल्पावर ताण नको म्हणून रहिवाशांनी आपापली कपाटं, पलंग, पिठाचे डबे सगळं पलीकडच्या भिंतीला नेऊन लावलंय. प्रेमाने केलंय, मला बोलावून दाखवलं. अलीकडच्या खोल्यांत ते चवड्यांवर चालतात. झालं काय, आता पलीकडची दारं लागेनाशी झाली, कारण दारांसमोर कपाटं आहेत. अध्यक्षांनी निष्कर्ष काढला की इमारत तिकडे कलली. सबब त्या बाजूलाही एक शिल्प पाहिजे. हे ऐकून समोरच्या इमारतीचे लोक आले. आम्ही काय घोडं मारलंय, आम्हालाही द्या. काल माझ्या हातात रीतसर मागणी पडली: शिल्प, जस्ती, चार मजली, नग तीन.

चकती


२० फेब्रुवारी

चकते,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, मी तिला शेवटचं पान पुन्हा वाचायला लावलं. नग तीन. पोरी, चाळीस वर्षांत मला एका गल्लीत एकदम तीन कामं मिळाली नाहीत.

मला तुझ्या कामातलं कळत नाही, पण कामं कशी येतात ते कळतं. लोक आपणहून दाराशी येतायत. लक्ष्मी टिळा लावायला आली तर तोंड धुवायला जाऊ नये. पाईप आहेत, क्लॅम्प आहेत, मी आहे. मला गुडघ्यांमुळे वर चढवत नाही म्हणून गोदाम बंद केलं होतं, पण खाली उभं राहून ओरडता तर येतं. शेड वगैरे कशाला हवी, आपलं गोदाम आहे की. फरशीवाल्यालाही सांग, खुर्ची दे कोणालाही.

पाटी रंगवायला टाकलीय. 'मामा-भाची, परांची व शिल्पे.' 'व शिल्पे' थोडं बारीक आलंय, पण आहे. रंगारी म्हणाला, अशी पाटी मी आजवर रंगवली नाही.

खरं सांगू, तू लहान असल्यापासून मला वाटायचं की माझ्यामागे हे कोण बघणार. बोललो नाही कधी. आता बोलतो.

मामा

मामी: बारीक नाही, दिसतच नाही. पण तो सकाळपासून शीळ वाजवतोय. जपून लिही.


२४ फेब्रुवारी

मामा,

मामीने जपून लिही म्हटलंय. तीन पानं फाडली, ही चौथी.

तुझ्या धंद्याला मी नाव ठेवत नाही. तुझ्या गोदामात वाढले, अजून मला रंगाच्या वासापेक्षा तेल दिलेल्या क्लॅम्पचा वास आवडतो. पण मी परांची बांधणारी नाहीये. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंस तरी नाही. मी पाडलेल्या इमारतीच्या जागी उभी राहून एक गोष्ट बघितली आणि ती लोकांना दाखवायचीय. बास. तिच्यामुळे कोणाचं कपाट लागू नये, तिने कोणाची भिंत धरू नये, कोणाच्या कामाला येऊ नये. शहरात प्रत्येक वस्तूला काहीतरी काम आहे रे. खांबावर दिवा, दिव्यावर तार, तारेवर पाटी. एक गोष्ट नुसती उभी राहिलेली चालत नाही लोकांना. मला ती एक गोष्ट उभी करायची आहे आणि ही माझी शेवटची खेप आहे.

तर मागणं असं. पाच मार्चला ये. अभियंता असेल, समिती असेल, रहिवासी असतील. त्या सगळ्यांसमोर सांग की तुझ्या गाठींचा काही उपयोग नाही, आणि तुझ्या हाताने त्या सोड.

मला माहीत आहे मी काय मागतेय. तू बांधलेलं कधी पडलं नाही, ही तुझी एकच गोष्ट आहे, आणि मी तुला भर रस्त्यात म्हणायला सांगतेय की तू जे बांधलंस ते बांधायची गरजच नव्हती. दुसरं कोणी हे सांगू शकत असतं तर तुला लिहिलं नसतं. पण बांधलं तू आहेस.

चकती


२८ फेब्रुवारी

चकते,

पत्र मिळालं.

मी येऊ शकणार नाही. गुडघा दुखतो. गाड्यांनाही गर्दी असते. शिवाय ज्या गाठीचा उपयोग नाही ती मी बांधतच नाही, तेव्हा जे खरं नाही ते मी सांगणार कसं? तुझ्या अभियंत्याला म्हणावं, दुसरा माणूस बघ.

तब्येतीला जप.

मामा

मामी: पिशवी भरलीय. जुना पाना शोधून घासून ठेवलाय. पाटी रंगाऱ्याकडून परत आणून कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी केलीय. मी विचारलं, कुठे निघालात? म्हणे कुठे नाही. चार तारखेच्या गाडीने येतोय. तू चकित झाल्यासारखं दाखव.


१० मार्च

मामा,

चकित झाल्यासारखं दाखवलं, पण तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. सरळ जाऊन पिंपांवर पाय आपटून बघितलास. चारही पिंपांवर. मग मान हलवलीस आणि चढायला लागलास. गुडघा म्हणे.

तू वर होतास, पाठ आमच्याकडे, त्यामुळे खाली काय झालं ते तुला दिसलं नाही. म्हणून लिहिते.

रहिवासी समोरच्या फुटपाथवर उभे होते. इमारत पडलीच तर, म्हणून प्रत्येकाने घरातली एकेक महत्त्वाची वस्तू बरोबर घेतली होती. शिक्षिकांनी शब्दकोश आणला होता. दातांच्या डॉक्टरांनी प्लास्टरचा जबडा पोटाशी धरला होता. समोरच्या इमारतीतल्यांनी खुर्च्या टाकल्या होत्या. अभियंत्याने सगळ्यांना दोन पावलं मागे जायला सांगितलं आणि स्वतः तीन गेला.

तू म्हणालास, "या क्लॅम्पवर काही भार नाही. यांचा काही उपयोग नाही. मीच लावलेत." तुला वाटलं असेल तू हळू बोललास. मामा, चौकापर्यंत ऐकू गेलं. भाजीवाला गाडी थांबवून वर बघायला लागला. चिटणीसबाईंनी चष्मा काढला. मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता, कारण तेच तर मागितलं होतं. झाला नाही. मला वाटलं, धावत वर जावं आणि म्हणावं राहू दे, नको.

मग तू एकेक सोडलास. निळ्यातले दोन, हिरव्यातला एक. शेवटच्या वेळी तू फार वेळ लावलास, अभियंता घड्याळ बघायला लागला होता. तो सुटला तेव्हा सगळ्यांनी इमारतीकडे बघितलं. काही झालं नाही. खुर्च्यांवरचे लोक थोडे नाराजच दिसले. मी एकटीच शिल्पाकडे बघत होते. पत्रे जरा किणकिणले, आणि परांची उभीच राहिली.

निवड झाली. शेडची किल्ली मिळालीय, कुलूप इतकं जुनं आहे की किल्लीची गरज पडत नाही. साहेबांना कळवलं, ते म्हणाले खुर्चीवर तसंही मांजर बसायला लागलं होतं.

आता तू काय केलंस ते सांग. मी समितीबरोबर चहाला गेले तेवढ्यात तू पुन्हा हात लावलास. संध्याकाळी डॉक्टर तोंड पाडून येतील, दारं लागत नाहीत म्हणतील, असं मी धरून चालले होते. ते आले ते हसत. म्हणाले, तुमच्या मामांनी पक्की सोय केलीय, कायमची, आता शिल्पाची गरज नाही. कपाटं जागेवर गेली. समोरच्यांनी मागणी मागे घेतली, त्यांनाही म्हणे शिल्प नको, तसलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघितलं. तेच चार क्लॅम्प. निळ्या स्वयंपाकघरातून एक छोटा पाईप निघतो, वळतो, आणि वर जाऊन हिरव्या खोलीत शिरतो. त्याच भिंतीतून त्याच भिंतीत. तू इमारत तिला स्वतःलाच बांधलीस.

मी हसत उभी होते, तेवढ्यात चिटणीसबाई माझ्या शिल्पाची पाटी लावायला आल्या. त्यांनीही बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "हे कोणाचं?" मी म्हटलं, मामाचं. "याचा उपयोग काय?" डॉक्टर खिडकीत होते म्हणून मी त्यांच्या कानात सांगितलं, काही नाही. त्यांनी तुझा पत्ता घेतला. मी निवडली गेल्यामुळे उदयोन्मुख विभागात एक जागा रिकामी झाली आहे.

चकती


१७ मार्च

चकते,

तुझ्या चिटणीसबाईंचं पत्र आलं. मला उदयोन्मुख म्हणून बोलावलंय. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला उगवायला सांगतात. मामी रोज सकाळी चहाचा कप ठेवताना विचारते, उगवलात का? गल्लीत अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण न्हाव्याला सांगितलं, म्हणजे सांगितल्यासारखंच आहे.

त्या पाईपचं म्हणशील तर असं झालं. तू चहाला गेलीस आणि ती शिक्षिकाबाई शब्दकोश घेऊन फुटपाथवरच उभी. घरात जाईना. म्हणाली, तुम्ही सोडलंत, आता मी वर कशी जाऊ? मी इतकी वर्षं लोकांना वर चढवलंय, कोणी मला असं म्हटलं नव्हतं. तेव्हा हाताशी होतं त्याचं काहीतरी केलं. बांधता बांधता मलाच हसू येत होतं. ज्याने काही धरलेलं नाही असं मी पहिल्यांदाच बांधलं, आणि सांगतो तुला, वळण फार झकास आलंय. मुद्दाम तसं आणलं. सरळही नेता आलं असतं.

आता वरचं सांगतो, कारण तू खाली होतीस. शेवटचा क्लॅम्प मी लगेचच सोडला होता. वेळ लागला तो वेगळ्याच कारणाने. क्लॅम्प सुटला तरी मी पाईप हाताने धरून ठेवला होता. म्हटलं, कलली तर धरीन. चार मजल्यांचं लोखंड मी एका हाताने धरणार होतो, काय अक्कल. तुझी पिंपं बघितली होती, ठोकून बघितली होती, पाय पक्के आहेत हे मला कळत होतं. पण हात सोडेना. मग एक बोट सोडलं, मग दुसरं. सगळी सोडली तरी हात तिथेच, पाईपाच्या जवळ, नुसता. ती हलली नाही. मी तिथे बसून राहिलो. चाळीस वर्षांत माझी एकही एकटी उभी राहिली नव्हती. तुझी राहिली.

पाटी मी पुन्हा रंगवायला टाकलीय. 'मामा-भाची' पुसायला सांगितलं. 'व शिल्पे' राहू दे म्हटलं, तुझी माणसं बोलावतायत तर. आणि इमारत कधी येणार, ते आता विचारणार नाही.

एक सांगायचं राहिलं. मी खाली उतरलो तेव्हा तू विचारलंस, डोळ्यात काय गेलं, आणि मी म्हणालो, पाईपाचा गंज. तू मान हलवलीस आणि रुमाल दिलास. एवढी माझ्या गोदामात वाढलीस तू. जस्ती पाईपाला गंज धरत नाही.

मामा